न विचारलेली गाठ

पमे,

तुझं तेरावं होऊन दोन आठवडे झाले. पाहुणे गेले, मंडपवाल्यानं सतरंज्या नेल्या, उरलेली बुंदी शेजारीपाजारी वाटून झाली. लोकांना वाटतंय, आक्काचं रडून झालं. तुला खरं सांगू का, मला नीट रडायलाही सवड नाही. पेन्शन येऊन अजून महिना निम्मा सरला नाही, आणि आपला किराण्याचा डबा रिकामा झाला. दवाखान्याचा झाला. लाईटबिलाच्या डब्याला काही झालं तरी हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, परवा तोही उघडला. तू असताना हे डबे महिनाअखेरीलासुद्धा असे हलके कधी लागले नव्हते गं.

आणि नेमका हाच महिना माझ्या परीक्षेचा. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी प्रशांत पुण्याला निघाला, तेव्हा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, "आई, हा एक महिना बघू. तुझ्या तुझ्या पैशात भागलं तर राहा इथंच, मी परत विषय काढणार नाही. नाही भागलं, तर घराला कुलूप लावू आणि तू चल माझ्याकडं." पोटचं पोर आहे, वाईट भावनेनं बोललं नाही. सून पण म्हणाली, "या आई, तुमची खोली तयार आहे." पण पमे, कुलूप हा शब्द त्यानं किती सहज उच्चारला! जसं काही दुपारी बाजारात जाताना लावतात तसलंच ते कुलूप.

त्याला कसं सांगू की गारखेड्यातलं हे घर आपण दोघींनी कशावर उघडं ठेवलं ते. आपले नवरे, दोघे भाऊ, मागंपुढं गेले तेव्हा लोकांनी आपली वाटणी करूनच टाकली होती. मी प्रशांतकडं जायचं, आणि तुला लेकरू नाही तर तू माहेरी, भावाच्या ओसरीला. तू तेव्हा चहा गाळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "आक्का, तुमची पेन्शन आन् वरच्या खोलीचं भाडं. दोघी यात बसतो का बघू." एवढंच बोललीस. पुढचं सगळं आयुष्य आपण त्यात बसवलं.

लोक विचारायचे, दोघी जावा एका छपराखाली, भांडत नाहीत का? भांडायचो की! लई भांडायचो. थोरली मी, पण ऐकावं लागायचं तुझं. तू 'अहो आक्का' म्हणून इतक्या आदरानं मला गप्प करायचीस की उलटून बोलताच यायचं नाही. माझा हात पहिल्यापासून सैल. दारावर गाडी आली की मी उठलेच. कढीपत्ता घरात असला तरी कढीपत्ता घ्यायची, चिमट्यांचा डझन असला तरी रंग नवीन दिसला म्हणून डझन घ्यायची. कुठं गेले पैसे म्हणून विचारलं तर मला सांगता यायचं नाही. मोठं काही घेतलेलंच नसायचं ना!

पेन्शन आणली की तू ओट्यावर बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे मांडायचीस. किराणा, दूध, दवाखाना, लाईट, सणवार. आणि सगळ्यात शेवटी एक बुटका डबा, त्याला तू 'उडवायचा डबा' म्हणायचीस. "उडवायला वेगळे ठेवले नाय तर माणूस दवाखान्याचे उडवतो," असं तुझं म्हणणं. तो डबा माझ्याच नावचा होता म्हण. गुलमंडीच्या बाजाराला गेलं की त्यातून माझा चहा, माझी भजी. बाजाराला पिशवी एकच न्यायची, ती भरली की बाजार संपला. जाताना चालत, येताना रिक्षा. आणि मोबाईलवरून पैसे द्यायचे नाहीत म्हणजे नाहीत. "पैसा हातातून जाताना दिसला पाहिजे आक्का. तिथं नुसतं टिंग वाजतं."

आणि तुझी ती गाठ. सगळ्या गल्लीत थट्टेचा विषय होता. काही दिसलं, मन ओढलं, की घ्यायचं नाही, पदराला गाठ मारायची. मग रविवारी बाजाराला निघायच्या आधी दुसरीनं विचारायचं, "ही कशाची?" आपण तोंडानं सांगायचं, मोठ्यानं, आणि गाठ सोडायची ती दुसरीनंच. आपली गाठ आपण सोडायची नाही. निम्म्या वेळेला मला आठवायचंच नाही की गाठ कशाची मारली होती. तू म्हणायचीस, "मग लागतच नव्हतं," आणि सोडून मोकळी. आठवलं तर आणखी फजिती.

"ही कशाची आक्का?"

"ते... झारा आहे एक नवीन. टीव्हीवर दाखवला. वडे आपोआप सुटतात त्यातून."

"वडे शेवटचे कधी तळले आपण?"

"ह्यांच्या वर्षश्राद्धाला."

"मग त्या झाऱ्याला वर्षभर नुसतं पोसायचं का घरात?"

हसून हसून पोट दुखायचं. मोठ्यानं सांगायला लागलं की आपलंच आपल्याला ऐकू येतं, ही तुझी युक्ती मला फार उशिरा कळली. आणि सांगूनही हसू आलं नाही, तर तू लगेच म्हणायचीस, "घ्या. आजच घ्या." मग घासाघीस पण नाही करायची. माझे गुडघे दुखायचे तर कमोडची खुर्ची तू अशीच आणलीस, दुकानातली सगळ्यात चांगली.

कंजूष नव्हतीस तू. खुलताबादला मारुतीच्या दर्शनाला गेलो होतो ते आठवतं का? रस्त्याला ती म्हातारी सीताफळं घेऊन बसलेली. उन्हं उतरत आलेली, पाटी जशीच्या तशी. तू सरळ सगळी पाटी घेतलीस! मी म्हटलं, "पमे, गाठ?" तर म्हणालीस, "गप बसा आक्का, पिकलेलं हाय सगळं, सुगंध बघा." सुगंध कसला, एस.टी.त लोक सरकून बसले आपल्यापासून. आठवडाभर सीताफळं खाल्ली, दोघींची पोटं बिघडली, आणि उडवायचा डबा असा झाला की त्या महिन्यात गुलमंडीवरचा माझा चहा बंद. मी ऐकवत राहिले तुला. तू बिया थुंकत म्हणायचीस, "कळून उडवलेत. याद तरी राहतंय."

राहिलं बघ याद.

कूलरचं आपलं भांडण मात्र तसंच राहिलं. यंदा उन्हाळा चैत्रातच पेटला. मी गाठ मारली, तू विचारलंस, मी सांगितलं, हसले पण नाही. तरी तू म्हणालीस, "बघू पुढल्या बाजारी." पुढच्या बाजारी परत तेच. मी भडकले. "एवढं साठवून वर न्यायचंय का तुला?" तू खिडकीला ओली चादर बांधत होतीस. म्हणालीस, "वर नाय आक्का. हितंच राहायचंय ना, म्हणून."   कधी वाटतं, तुझं खरं होतं, कूलरचं लाईटबिल आपल्याला झेपलं नसतं. कधी वाटतं, त्या उकाड्यानंच तुला नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, उन्हाशी संबंध नाही. त्यांना काय माहीत आपली खोली दुपारी कशी तापते.

शनिवारी सकाळी गेलीस. नळाला पाणी आलं होतं, तू अंगणात ड्रम भरत होतीस. मी आत तांदूळ निवडत होते, आणि ड्रमात पडणाऱ्या पाण्याचा आवाज बदलला. फरशीवर पडल्यासारखा. मी आतून ओरडले, "पमे, पाणी वाया चाललंय!" आयुष्यभर तू मला वाया घालवण्यावरून बोललीस, आणि तुझ्या कानावर शेवटचं माझं हे वाक्य. पडलं तरी का कानावर, कोण जाणे. बाहेर आले तर पाईप एकीकडं, तू एकीकडं.

आता जे सांगणार आहे ते मी प्रशांतला सांगितलेलं नाही, कुणालाच सांगितलेलं नाही.

तुला आंघोळ घालून तुझ्या भावानं आणलेली साडी नेसवायची होती. शेजारची सरला अंगावरची साडी सोडत होती. म्हणाली, "आक्का, काकूंच्या पदराला गाठ आहे. पैसे बांधलेत वाटतं, बघते हं." मी "नको" म्हणायच्या आत तिनं सोडली. पदर झटकला. म्हणाली, "काहीच नाही ओ. नुसतीच गाठ."

नुसतीच गाठ! पमे, मी तिथंच भिंतीला टेकले. बायकांना वाटलं, आता हिचा धीर सुटला. मला फक्त एकच दिसत होतं, उद्या रविवार होता. एका दिवसानं मी चहाचा कप ठेवता ठेवता तुला विचारलं असतं, "ही कशाची गं?" आणि तू सांगितलं असतंस. तू गाठ मारायचीसच किती वेळा? वर्षातून एखादी. मी आठवड्याला चार मारायची, आणि तू वर्षाला एक. म्हणजे तुला काहीतरी हवं होतं. खरंच हवं होतं. आणि ते काय होतं हे तुझ्याबरोबर गेलं, आणि गाठ सोडली ती परक्या हातानं, न विचारता.

म्हणून गेले पैसे, पमे. दुसरं काही कारण नाही.

पेन्शन आली, मी तुझ्यासारखेच डबे मांडले, सगळं वाटून ठेवलं. आणि दुसऱ्या दिवशी गुलमंडीवर गेले, तुला काय हवं होतं ते शोधायला. त्या आठवड्यात तुझी नजर कुठं अडकली होती, हे आठवत आठवत एकेका दुकानापुढं उभी राहायची. तुझा अंगठा चपलेत दुखायचा, तर मऊ चपला घेतल्या. चष्मा तू फडक्यात गुंडाळायचीस, तर त्याला घर घेतलं. मग वाटलं, एवढ्याशासाठी पमा गाठ मारणार नाही, तर निळ्या काठाची सुती साडी घेतली. घरी आणून तुझ्या फोटोपुढं ठेवायची आणि बघत बसायची. हेच का गं? फोटोत तू तशीच. मग परत दुसऱ्या दिवशी, जाताना पण रिक्षा, येताना पण रिक्षा. पितळेचा छोटा दिवा. उशी. एकदा वाटलं, तुला गाणी ऐकायची असतील, तर सरलाच्या लेकीकडून मोबाईलवरून रेडिओ मागवला. टिंग वाजलं. कूलर काय तो घ्यायचा राहिला, कारण तो तुला नको होता एवढं एकच मला पक्कं ठाऊक होतं.

जे तू स्वतःसाठी कधी घेतलं नसतंस, मलाही घेऊ दिलं नसतंस, ते सगळं मी तुझ्या नावानं घेत सुटले. प्रत्येक वेळी दुकानातून बाहेर पडताना वाटायचं, सापडलं. घराच्या फाटकापर्यंत यायचे तोवर कळायचं, हे नाही.

मागच्याच्या मागल्या रविवारी प्रशांत न सांगता आला. तुझ्या खाटेवर तो ढीग. त्यानं एक एक वस्तू उचलून बघितली.

"आई, हे कुणाचं?"

"काकूचं."

"काकूला कशाला आता..." आणि मध्येच थांबला. मग माझ्या शेजारी बसला. लहानपणी बसायचा तसा, पाय हलवत. म्हणाला, "पैसे संपले ना?"

"व्हय."

"मी पाठवतो. पण मग ते आपलं ठरलं होतं..."

"नको पाठवू. तू पाठवलेस की मी हरले. महिना अजून आहे."

"कशावर काढशील आई?"

मी म्हटलं, तांदूळ आहे, डाळ आहे, बघते. म्हटलं, फक्त एक कर, दर रविवारी सकाळी फोन कर आणि मला विचार, आई काय काय घ्यायचंय, कशाला घ्यायचंय. एवढंच विचार. तो म्हणाला, "करतो की." आणि केला पण, परवा. विचारलं पण. मी त्याला म्हटलं, मला एक सुती चादर घ्यावीशी वाटतेय, आहेत त्या विरल्यात. त्यावर माझं गुणी लेकरू काय म्हणालं ठाऊक आहे? "घे की आई! विचारतेस काय, मी टाकतो पैसे." एवढ्या प्रेमानं म्हणाला गं. मी "राहू दे" म्हणून फोन ठेवला आणि पदर तोंडात धरून रडले. मला 'घे' म्हणणारे लई आहेत पमे. 'कशाला' म्हणणारी एकच होतीस.

काल साडी परत करायला गेले. लाजच वाटत होती. चौकातला कापडवाला चाचा गल्ल्यावर होता. घेताना त्याचा मुलगा होता, म्हणून निभावलं होतं. मला बघून चाचानं उठून स्टूल दिलं.

"अम्मा, अकेले? छोटी बाई किधर है? उनके बिना तो आप दुकान चढते नइं."

मी साडी पुढं केली. घडी मोडली नव्हती.

"छोटी बाई को पसंद नइं आई क्या?"

"तिनं बघितलीच नाही."

"कायकू?"

"ती गेली चाचा. महिना होत आला."

तो खाली बसला. कपाळाला हात लावला. काहीतरी पुटपुटला, दुवा मागितली असेल. मग साडी उलटीपालटी करत अगदी साधंच विचारलं त्यानं, "फिर ये किसके वास्ते ली थी, अम्मा?"

आणि मला मोठ्यानं सांगावं लागलं. भर दुकानात, दोन गिऱ्हाइकं बसलेली. "तिच्याचसाठी घेतली. तिला काहीतरी पाहिजे होतं. काय ते मला माहीत नाही. म्हणून घेत चाललेय." बोलताना माझंच मला ऐकू आलं, पमे. हसू आलं नाही. कुणालाच आलं नाही. चाचानं पैसे मोजून माझ्या हातात ठेवले, काही कापून घेतलं नाही. मग डोळे पुसत म्हणाला, "दोनों ने मेरेकू बहोत सताया. एक साडी के वास्ते तीन-तीन चक्कर. मैं बोलता था बेटे को, ये दो बाइयां आईं तो चाय मत मंगा, आज सिर्फ देखके जाएंगी." मी हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. आणि त्याच श्वासात असं भडभडून आलं की स्टूलवरून उठताच येईना.

चालत आले घरी. रेडिओ सरलाच्या लेकीनं परत पाठवला. दिवा वाण्याच्या सुनेनं घेतला, तिला द्यायचाच होता कुणाला तरी. चपलावाला नाही म्हणाला, त्या आहेत. उशी आहे. तुझी गाठ कशाची होती ते आता मला कळणार नाही. चपला होत्या, मन फिरून कूलरच होता, माझ्यासाठी काही होतं, की नुसतं कुठं जायचं होतं एकदा, काही काही कळणार नाही. तुझ्याच नियमानं, जे तोंडानं सांगितलं नाही ते घ्यायचं नाही. कसला नियम करून ठेवलास गं. माझ्यासाठी केलास आणि अडकलीस तू त्यात.

आलेले पैसे मी डब्यांत टाकले. लाईटबिल भागेल. दूध अर्ध्यावर आणलं. दूधवाल्याला सांगताना जीभ जड झाली, पण सांगितलं. उडवायच्या डब्यात काही ठेवलं नाही. भाजी आता दारावरची नाही, बाजारातूनच, पिशवी एकच. खोलीचं भाडं येईल पाच-सहा दिवसांत. मांडून बघितलं. परत मांडून बघितलं. ओढून ताणून, एखादी गोळी न चुकता, पाहुणा कुणी न येता, महिना निघेल असं दिसतंय.

आणि तेव्हापासून उलटंच झालंय पमे. इतके दिवस मला भीती होती की पैसे पुरणार नाहीत, घराला कुलूप लागेल. आता भीती आहे की पुरतील. प्रशांत येईल, डबे बघेल, खुश होईल, सुनेला फोन लावून सांगेल, "अगं, आईला एकटीला जमतंय." ज्यासाठी एवढी झगडतेय, तेच वाक्य. ते ऐकायला मी या घरात कुणाकडं बघत उभी राहू, तेवढं सांग.